आधी कॉलेज ठरवा, मग क्रेडिट्स जमवा

अमेरिकेत बॅचलर्स डिग्री म्हणजे साधारण १२० सेमिस्टर क्रेडिट्स (कोर्स पास झाल्यावर खात्यात जमा होणारी एककं). ती सगळी एकाच कॉलेजात सलग चार वर्षं बसून मिळवायला हवीत, असं नाही. काही भारतातल्या एफ.वाय.-एस.वाय.ची, काही घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजातली, काही नव्वद मिनिटांच्या परीक्षेतून आलेली, काही ऑनलाइन कोर्समधली आणि शेवटची तीसेक ज्या कॉलेजचं नाव डिग्रीवर छापून हवंय तिथली. अशी गोधडी शिवून झालेल्या डिग्रीवर टाके दिसत नाहीत. प्रमाणपत्र तेच असतं.

एच-४ वर (एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर) आलेल्या आणि इंजिनिअरिंग किंवा बी.कॉम. अर्धवट राहिलेल्या मंडळींना हा रस्ता सगळ्यांत जास्त उपयोगी पडतो. तीन वर्षांच्या बी.एस्सी.वर अडलेल्यांना आणि इथेच वाढलेल्या मुलामुलींनाही. पण गोधडी शिवताना बहुतेकजण आधी चिंध्या गोळा करतात आणि मग आकार ठरवतात. तिथेच पैसा जातो. अमेरिकी सरकारच्या ‘गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिस’ने २०१७ मध्ये काढलेल्या अहवालात, कॉलेज बदलणाऱ्या विद्यार्थ्यांची सरासरी अंदाजे ४३ टक्के क्रेडिट्स वाया जातात, असा हिशेब होता. ती पोरं नापास झाली नव्हती. क्रेडिट्स होती, फक्त नव्या ठिकाणी बसली नाहीत.

म्हणून एक फरक आधी डोक्यात पक्का करा: क्रेडिट ‘घेतलं’ जाणं वेगळं आणि ‘लागू’ होणं वेगळं. कॉलेजचं पत्र येतं, ‘तुमची ६४ क्रेडिट्स ट्रान्सफर झाली’. आनंदी आनंद. नंतर डिग्री ऑडिट, म्हणजे डिग्रीच्या कुठल्या अटी पुऱ्या झाल्या त्याचा तक्ता, उघडला की कळतं, त्यांतली २८ ‘फ्री इलेक्टिव्ह’च्या (आवडीने घ्यायच्या विषयांच्या) कप्प्यात पडलीत आणि त्या कप्प्यात जागा १२ चीच आहे. उरलेली १६ ट्रान्सक्रिप्टवर दिसतील, डिग्रीला काडीचा उपयोग नाही. प्रवेशाच्या ऑफिसला ‘किती क्रेडिट्स घ्याल?’ हा प्रश्न विचारूच नका. ‘या डिग्रीत, या कॅटलॉग वर्षात (म्हणजे ज्या वर्षीच्या नियमांनी डिग्री मोजतात त्यात), माझं कुठलं क्रेडिट कुठल्या कप्प्यात बसेल आणि मग काय काय उरेल?’ असं विचारा. उत्तर ईमेलवर घ्या, फोनवर नाही.

कप्पे साधारण चार. जनरल एज्युकेशन, म्हणजे इंग्रजी लेखन, गणित, विज्ञान, समाजशास्त्र, मानव्यविद्या. मग मेजर (मुख्य विषय), मग फ्री इलेक्टिव्ह्ज. चौथा कप्पा या सगळ्यांवर आडवा पसरलेला आहे: ‘अप्पर लेव्हल’ क्रेडिट्स, म्हणजे ३०० आणि ४०० क्रमांकाचे कोर्स. बऱ्याच डिग्र्यांना अशी ३० ते ४५ लागतात. कम्युनिटी कॉलेजात ती मिळत नाहीत, क्लेपमध्ये (नुसती परीक्षा देऊन क्रेडिट मिळवायची सोय) जवळजवळ नाहीत, स्वस्त ऑनलाइन कोर्समध्ये मोजकीच. त्यामुळे ९० क्रेडिट्स जमवूनही माणूस दोन वर्षं दूर राहू शकतो. गणिताची पहिली बाजू हीच: अप्पर लेव्हल कुठून आणणार ते आधी लिहा. बाकीचं सोपं आहे.

दुसरी मर्यादा रेसिडेन्सीची. राहण्याशी तिचा संबंध नाही. डिग्री देणाऱ्या कॉलेजात किमान किती क्रेडिट्स करायची, त्याला रेसिडेन्सी म्हणतात. बहुतेक ठिकाणी ३०, म्हणजे पाव डिग्री. काही कॉलेजं ‘शेवटची ३० इथेच’ असंही म्हणतात. मग शेवटच्या वर्षात बाहेर केलेला एखादा स्वस्त कोर्स फुकट जातो. शिवाय दोन वर्षांच्या कॉलेजातून आणलेल्या क्रेडिट्सवर वेगळी मर्यादा असते, बहुधा ६० ते ७०. कॅलिफोर्निया विद्यापीठाची ७० आहे.

याला अपवाद म्हणून तीन संस्था ओळखल्या जातात: न्यू जर्सीत ट्रेंटनची थॉमस एडिसन स्टेट युनिव्हर्सिटी, न्यूयॉर्कमध्ये ऑल्बनीची एक्सेल्सियर आणि कनेटिकटमधलं चार्टर ओक स्टेट कॉलेज. तिन्ही १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला नोकरदार प्रौढांसाठीच निघाल्या. इथे शंभराहून अधिक क्रेडिट्स बाहेरून आणता येतात आणि कॅपस्टोन, म्हणजे डिग्रीच्या शेवटचा समारोपाचा कोर्स, असे मोजके कोर्स तेवढे त्यांच्याकडे करावे लागतात. न्यू जर्सीतल्या एडिसन गावात राहणाऱ्यांना वाटतं, नाव ओळखीचं आहे, गाडीने जाऊन येऊ. जायची गरज नाही, सगळं ऑनलाइन चालतं. मात्र कमी कोर्स तिथे केले तर थॉमस एडिसन वेगळी रेसिडेन्सी फी लावते, ती हिशेबात धरा.

दुसरा गट सरसकट फीवाल्यांचा. वेस्टर्न गव्हर्नर्स युनिव्हर्सिटी (१९९७ साली स्थापन, मुख्यालय सॉल्ट लेक सिटी) सहा महिन्यांच्या टर्मला एकच फी घेते. कार्यक्रमानुसार ती चार हजार डॉलरच्या आसपास पडते, आणि त्या काळात कितीही कोर्स उरका. मेन राज्यातल्या प्रेस्क आइलच्या विद्यापीठाचा ‘युअरपेस’ कार्यक्रम आठ आठवड्यांच्या सत्रांवर याच तत्त्वाने चालतो. दोन्हीकडे ९० पर्यंत क्रेडिट्स बाहेरून येऊ शकतात. वेस्टर्न गव्हर्नर्सची एक अट मात्र लोकांना उशिरा कळते: बाहेरची क्रेडिट्स टर्म सुरू व्हायच्या आधी पोचली पाहिजेत. नंतर आणलीत तर वरातीमागून घोडं. आणि तिथे ग्रेड नसते, पास-नापास असतं. पुढे नामांकित ठिकाणी मास्टर्स करायचं असेल तर हे आधी विचारात घ्या.

भारतातले कागद

इथे लोक सर्वांत जास्त वेळ घालवतात, म्हणून पहिल्या दिवशीच कामाला लागा. भारतातले मार्क अमेरिकी क्रेडिटमध्ये बदलायला ‘नेसेस’ या संघटनेची सदस्य असलेली मूल्यांकन संस्था लागते. वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेस, म्हणजे वेस, ही सगळ्यांना माहीत असलेली. पण तुमच्या कॉलेजला कुठली चालते ते आधी विचारा, पैसे नंतर भरा. रिपोर्ट ‘कोर्स बाय कोर्स’ हवा. एच-१बीच्या वेळी वकिलाने करून घेतलेला साधा रिपोर्ट फक्त ‘ही डिग्री अमेरिकेतल्या अमुक डिग्रीइतकी’ एवढंच सांगतो. त्यातून एकही क्रेडिट निघत नाही. खर्च पाठवणावळीसकट दोनशे डॉलरच्या आसपास.

ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठाने थेट पाठवायची असते, सीलबंद किंवा डिजिटल. तुमच्या कपाटातली लॅमिनेट केलेली मार्कशीट चालत नाही. डिग्री अर्धवट असली तरी पास झालेल्या सेमिस्टर्सची ट्रान्सक्रिप्ट मिळते. एटीकेटीचे विषय नंतर सुटले असतील तर ज्या प्रयत्नात सुटले ती मार्कशीटही लागते. वायडी (इयर डाउन) लागून शिक्षण तिथेच थांबलं असलं, तरी त्या वर्षातले पास झालेले विषय सोडून देऊ नका.

नावाचा घोळ बायकांच्या वाट्याला हमखास येतो. मार्कशीटवर आडनाव, नाव, वडिलांचं नाव आणि शेवटी आईचं नाव. पासपोर्टवर सासरचं आडनाव. अमेरिकी कारकून शेवटचा शब्द आडनाव समजतो, म्हणजे तुमच्या आईचं नावच तुमचं आडनाव होऊन बसतं. अर्जासोबतच लग्नाचं प्रमाणपत्र किंवा नावबदलाचं गॅझेट जोडा आणि ‘आधीचं नाव’ या रकान्यात मार्कशीटवरचं नाव अक्षर न् अक्षर तसंच भरा.

आता आकड्यांची गफलत. नव्या धोरणानुसार महाराष्ट्रात सेमिस्टरला २० ते २२ क्रेडिट्स असतात, त्यामुळे तीन वर्षांच्या मार्कशीटवर १२० किंवा १३२ असा आकडा दिसतो. तो बघून हुरळून जाऊ नका. अमेरिकेत एका पूर्ण वर्षाची ३० क्रेडिट्स धरतात, तेव्हा तीन वर्षांची ९० च्या आसपास हाती येतात. उलट टक्क्यांना घाबरूही नका. आपल्याकडचे साठ टक्के म्हणजे इथले साठ नव्हेत. मूल्यांकनात फर्स्ट क्लासचा विषय बहुधा चांगल्या ग्रेडमध्येच बसतो.

मूल्यांकन आल्यावर काम संपत नाही, सुरू होतं. ‘इंजिनिअरिंग मॅथेमॅटिक्स थ्री’ हे नाव वाचून इथल्या रजिस्ट्रारला काही बोध होत नाही. तो त्याला ‘मॅथ इलेक्टिव्ह’ म्हणून गाठोड्यात टाकतो. प्रत्यक्षात पुणे विद्यापीठाच्या एम-थ्रीमध्ये डिफरन्शियल इक्वेशन्स, लाप्लास, फूरिये, व्हेक्टर कॅल्क्युलस एवढा ऐवज असतो. त्यासाठी अपील करायचं. तुम्ही ज्या पॅटर्नला होतात त्याच पॅटर्नचा, २०१५ किंवा २०१९ चा, विद्यापीठाने प्रसिद्ध केलेला सिलॅबस काढा. युनिटवार विषय, तास आणि संदर्भ पुस्तकं असलेलं पान वेगळं करा. शेजारी इथल्या कॉलेजच्या त्या कोर्सचं कॅटलॉगमधलं वर्णन ठेवा आणि कुठला युनिट कशाशी जुळतो ते एका पानात मांडा. हे रजिस्ट्रारकडे नाही, त्या विभागाच्या प्रमुखाकडे जातं. एका पानाच्या कागदाने तीन-चार कोर्स वाचत असतील, तर प्रत्येक कोर्समागे वाचलेले पैसे आणि आठवडे मोजून बघा. यापेक्षा जास्त मजुरी देणारं दुसरं काम या सगळ्या व्यवहारात नाही.

जुन्या क्रेडिट्सना काही विभाग मुदत लावतात. नर्सिंगसाठी लागणारं शरीररचनाशास्त्र किंवा कॉम्प्युटरचे विषय दहा वर्षांपूर्वीचे असतील तर पुन्हा करायला लावू शकतात. इतिहास, अर्थशास्त्र, इंग्रजी यांना सहसा वय नसतं.

क्लेप, सोफिया आणि कंपनी

क्लेप ही कॉलेज बोर्डची परीक्षा १९६७ पासून चालू आहे. फी शंभर डॉलरच्या आत, वर केंद्राची वेगळी फी. गुण २० ते ८० मध्ये, आणि अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन, म्हणजे एसच्या शिफारशीनुसार ५० ला पास. पण काही कॉलेजं एखाद्या विषयाला जास्त मागतात. नापास झालात तर तीन महिने थांबायचं. जीपीएवर (ग्रेडच्या सरासरीवर) काही परिणाम नाही, चांगलाही नाही आणि वाईटही नाही. ‘मॉडर्न स्टेट्स’ या संस्थेचा फुकट ऑनलाइन कोर्स पूर्ण केला की ती परीक्षेचं व्हाउचर देते आणि केंद्राची फीही परत करते. म्हणजे तीन क्रेडिट्स शून्य डॉलरला. एवढं असूनही लोक खिशातून फी भरतात, याचं आश्चर्य वाटतं.

आपल्याकडे बारावी सायन्स केलेल्याला कॉलेज अल्जिब्रा आणि कॅल्क्युलस जड नाही. बी.कॉम.वाल्याला फायनान्शियल अकाउंटिंग, मॅक्रो, मायक्रो सोपं. पण भारतातून गणित आणि अकाउंट्सची क्रेडिट्स आधीच आली असतील तर तीच परीक्षा देऊ नका. एकाच विषयाचं क्रेडिट दोनदा मिळत नाही. भारतातून न येणारे विषय निवडा: अमेरिकन गव्हर्नमेंट, यू.एस. हिस्टरी, मानसशास्त्र. अमेरिकेच्या इतिहासाला निदान पाच-सहा आठवडे द्या. नागरिकत्वाच्या परीक्षेच्या तयारीवर ते निभत नाही. इंग्रजीसाठी ‘कॉलेज कॉम्पोझिशन’ घ्या, त्यात दोन निबंध असतात. ‘मॉड्युलर’ हा त्याचा प्रकार पुष्कळ कॉलेजं नाकारतात. आणि बायॉलॉजीचा क्लेप प्रयोगशाळेची अट पूर्ण करत नाही, ती वेगळी करावी लागते.

परीक्षेची नोंदणी करतानाच निकाल कुठल्या कॉलेजला जावा ते निवडलंत तर तो फुकट जातो. नंतर मागवला तर वीस डॉलर. रक्कम किरकोळ आहे, पण सहा परीक्षांचे निकाल सहा वेळा मागवणारे असतात.

क्लेपसारखीच डीएसएसटी ही परीक्षा. मूळ लष्करातल्या लोकांसाठी निघालेली, आता सगळ्यांना खुली. तिच्यात थोडे अप्पर लेव्हल विषय मिळतात, हा तिचा खरा उपयोग.

ऑनलाइन कोर्समध्ये सोफिया महिन्याला ९९ डॉलर घेते आणि एका वेळी दोन कोर्स उघडू देते. ज्या कोर्समध्ये ‘टचस्टोन’ नावाचं लेखी काम असतं, ते माणसं तपासतात आणि त्यात काही दिवस जातात. म्हणून एक टचस्टोनवाला आणि एक नुसत्या परीक्षांचा, अशी जोडी लावा. एकाचा निकाल येईतो दुसरा हातावेगळा होतो. स्टडी डॉट कॉमचं महिन्याचं वर्गणीमूल्य याच्या दुपटीहून जास्त, पण अप्पर लेव्हल कोर्स तिथे पुष्कळ आहेत. नुसत्या जनरल एज्युकेशनसाठी ती वर्गणी भरू नका.

या सगळ्यांमागे एसची शिफारस असते. शिफारसच, हुकूम नव्हे. सोफिया किंवा स्टडी डॉट कॉमची क्रेडिट्स मोठी सरकारी विद्यापीठं बहुधा घेत नाहीत, वर सांगितलेली प्रौढांची कॉलेजं घेतात. आणखी एक खाचखळगा: एका कॉलेजने घेतलेलं एसचं क्रेडिट दुसरं कॉलेज त्याच्या ट्रान्सक्रिप्टवरून घेत नाही, मूळ ठिकाणाहून मागतं. सगळ्या मूळ खात्यांचे पासवर्ड सांभाळून ठेवा.

कम्युनिटी कॉलेज हा यातला कंटाळवाणा आणि सर्वांत भरवशाचा मार्ग. कॅलिफोर्नियात तिथल्या रहिवाशाला युनिटला ४६ डॉलर पडतात, आणि कुठला कोर्स कुठल्या विद्यापीठात कशाच्या जागी चालतो ते ‘असिस्ट’ या राज्याच्या संकेतस्थळावर आधीच लिहिलेलं असतं. फ्लोरिडात राज्यभर कोर्सचे क्रमांकच सारखे आहेत. एच-४ वाल्यांना रहिवाशाचे दर मिळतात का हे राज्यागणिक बदलतं. भाडेकरार, लायसन्स, टॅक्स रिटर्न अशी वर्षभराची कागदपत्रं लागतात, ती आधीपासून स्वतःच्या नावावर असू द्या. भाडेकरारावर फक्त नवऱ्याचं नाव असेल तर पुढच्या नूतनीकरणात स्वतःचं घालून घ्या.

क्वार्टर पद्धतीच्या कॉलेजातून सेमिस्टरवाल्या कॉलेजात जाताना दीडने भागतात. चार क्वार्टर क्रेडिट्सचा कोर्स २.६७ होतो, आणि कप्प्याला हवी असतात ३. त्या ०.३३ साठी अख्खा कोर्स परत करायला लागलेले लोक आहेत. कोर्सची अट पूर्ण झाली, एकूण बेरीज नंतर भरून काढू, अशी सूट विभागप्रमुख देऊ शकतो. मागावी लागते.

एक हिशेब मांडून बघू. पुण्यात इंजिनिअरिंगची दोन वर्षं पास, आता सरसकट फीच्या कॉलेजातून आयटीची डिग्री हवी आहे. समजा मूल्यांकनात ५८ क्रेडिट्स आली, त्यांतली ४० लागू झाली. सहा क्लेपमधून २१: कॉम्पोझिशनची ६, बाकी पाच विषयांची तीन-तीन. सोफियाचे नऊ कोर्स तीन महिन्यांत, २७. झाली ८८, उरली ३२. ती सहा-सहा महिन्यांच्या दोन टर्ममध्ये. खर्च: मूल्यांकन आणि ट्रान्सक्रिप्ट २५०, क्लेप केंद्राच्या फीसकट साडेसातशे (व्हाउचर घेतल्यास जवळजवळ काही नाही), सोफिया २९७, कॉलेज ८,०००. सव्वानऊ हजारांच्या आसपास, दीड वर्ष. बाहेरच्या राज्यातल्या विद्यार्थ्याला सरकारी विद्यापीठाची नुसती ट्यूशन फी वर्षाला सरासरी ३० हजारांच्या घरात पडते. पण या हिशेबात ५८ पैकी ४० लागू झाली असं धरलंय. अपील न करता २५ च लागू झाली तर एक टर्म वाढते आणि चार हजार गेले. म्हणून ते सिलॅबसचं पान.

व्हिसाच्या दोन गोष्टी. एफ-१ वर (विद्यार्थी व्हिसावर) असाल तर सेमिस्टरला किमान १२ क्रेडिट्स हवीत, त्यांत ऑनलाइन एकच कोर्स धरला जातो, आणि क्लेप किंवा सोफिया त्या १२ त मोजत नाहीत. डिग्री लवकर संपली की आय-२० ची (कॉलेजने व्हिसासाठी दिलेल्या कागदाची) तारीखही अलीकडे येते. ओपीटीचा (शिक्षणानंतर काही काळ नोकरी करायच्या परवानगीचा) अर्ज शिक्षण संपण्याच्या ९० दिवस आधीपासून संपल्यानंतर ६० दिवसांपर्यंतच करता येतो. क्रेडिट्स जमवण्याच्या घाईत ही खिडकी चुकू देऊ नका.

दुसरी गोष्ट तीन वर्षांची डिग्री असलेल्या नोकरदारांची. ग्रीन कार्डच्या ईबी-२ या गटात बॅचलर्स आणि पाच वर्षांचा अनुभव या रस्त्याने जायचं, तर चार वर्षांच्या तोडीची एकच डिग्री लागते, तीन वर्षं अधिक डिप्लोमा अशी बेरीज सहसा चालत नाही. त्यासाठी इथली डिग्री घेणारे पुष्कळ आहेत. पण ती पाच वर्षं डिग्री मिळाल्याच्या तारखेपासून मोजतात. आधीची बारा वर्षं नोकरी त्यात येत नाही. डिग्री सुरू करण्यापूर्वी वकिलाला हा एकच प्रश्न विचारा.

कॉलेजमध्ये नाव घातल्यावर कॅटलॉग वर्ष पक्कं करून त्याची पीडीएफ स्वतःकडे ठेवा. मध्ये टर्म सोडलीत तर नवा कॅटलॉग लागू होतो आणि कप्पे बदलतात. शेवटच्या टर्मच्या सुरुवातीलाच ग्रॅज्युएशनचा अर्ज भरा, तो आपोआप होत नाही आणि त्याला फीही असते. सगळ्या बाहेरच्या ट्रान्सक्रिप्ट ठरलेल्या तारखेआधी पोचल्या पाहिजेत. एका क्लेपचा निकाल दोन दिवस उशिरा आला तरी डिग्रीची तारीख पुढच्या टर्मवर जाते.